दिवा गेलाय, फाईल फिरतेय

विद्यापीठाच्या भांडार विभागाबाहेरच्या पायरीवर बसून हे टाइप करतेय. मांडीवर कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दिवा आहे. गेलेला. चालू होता तेव्हा साठ हजारांचा होता, आता भंगारवाला फुकटही नेणार नाही. पण हा मेलेला दिवा इथे जमा करून शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय नव्या दिव्याची फाईल पुढच्या टेबलावर सरकणार नाही, असा शेरा काल आलाय. दारावर पाटी आहे, ‘भोजन अवकाश दीड ते अडीच’. दार बंद. ठीक आहे, माणसं जेवणारच. मीही थांबते. थांबण्याची पीएचडी तर माझी कधीच झालीय, राहिलीय ती रसायनशास्त्राची.

नीट सांगते, कारण घरी, मैत्रिणींना, कुणालाही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असतो: ‘एका बल्बसाठी आठ महिने?’

माझं काम पॅरासिटामॉलवर आहे. तापाची गोळी आपण गिळतो, तिचा थोडा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो, गटारात जातो, तिथून नदीत. तो पाण्यातून घालवायचा तर टायटॅनियम डायऑक्साइडसारखा पदार्थ पाण्यात टाकायचा, त्यावर प्रकाश पाडायचा आणि औषधाचे तुकडे होतात का ते बघायचं (फोटोकॅटॅलिसिस म्हणतात याला). दर पंधरा मिनिटांनी थोडं पाणी काढायचं, गाळायचं आणि औषध किती उरलंय ते युव्ही स्पेक्ट्रोवर, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला ते सांगणाऱ्या मशीनवर, मोजायचं. पॅरासिटामॉल २४३ नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील, प्रकाश शोषतं. तिथला शोषणाचा आकडा उतरत गेला की काम झालं. चार वर्षांचा माझा सगळा प्रपंच त्या २४३ वर उभा आहे.

आमच्या स्पेक्ट्रोत दिवे दोन. दिसणाऱ्या प्रकाशासाठी टंगस्टनचा आणि अतिनीलसाठी ड्युटेरियमचा. ड्युटेरियमचा दिवा हजारेक तास जळतो आणि मान टाकतो. यात अपघात काही नाही, गाडीचं टायर झिजतं तसंच. म्हणजे तो जाणार हे आधीच माहीत असतं आणि एक जादा दिवा कपाटात ठेवायचा असतो. आम्ही २०२४ मध्ये मागितला होता. शेरा आला: ‘सध्याचा दिवा सुस्थितीत असताना नवीन खरेदीचे प्रयोजन काय?’ गेल्या श्रावणात त्या सुस्थितीतल्या दिव्याने राम म्हटला. तेव्हापासून मी प्रयोजन सिद्ध करत फिरतेय.

पहिली टिपणी मी लिहिली. मराठीतच लिहायची असते, कारभार मराठीत चालतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चूक एवढीच झाली की मी शुद्ध मनाने लिहिलं, ‘ड्युटेरियम दिवा बदलणे’. तीन आठवडे फाईलचा पत्ता नाही. चौथ्या आठवड्यात लॅबच्या दारात वायरमन दादा उभे. खांद्यावर शिडी, हातात टेस्टर. “दिवा बदलायचाय ना? कुठला?” माझी फाईल ‘दिवा’ बघून विद्युत विभागाकडे गेली होती. ट्यूब-बल्ब त्यांच्याकडे येतात ना! मी दादांना मशीनचं झाकण उघडून बोटाएवढा काचेचा दिवा दाखवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, म्हणाले, “मॅडम, याचा होल्डर आपल्याकडे बसत नाही.” मग बिचाऱ्यांना वाईट वाटलं असावं, कारण कोपऱ्यातली वर्षभर मिणमिणणारी ट्यूब त्यांनी न सांगता काढली आणि नवी लावून दिली. आठ महिन्यांत माझ्या लॅबमध्ये बदललेली ती एकमेव वस्तू. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अतीव आदर आहे आणि हे मी उपरोधाने म्हणत नाहीये.

त्यानंतर मी ‘दिवा’ हा शब्द सोडला. ‘वैज्ञानिक उपकरणाचा सुटा भाग’ असं लिहिलं. आता फाईल लेखा विभागात. तिथे सांगितलं, तीन कोटेशन आणा. अहो, त्या मशीनला बसणारा दिवा ती एकच कंपनी देते. मग तसं प्रमाणपत्र कंपनीकडून आणा. आणलं. मग जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर, ही वस्तू मिळत नाही याचा दाखला काढा. काढला. मग म्हणाले, जीएसटी अठरा टक्के कसा लावलाय, संशोधन संस्थांना पाच टक्के असतो, त्याचं सर्टिफिकेट जोडा. ती सवलत १८ जुलै २०२२ पासून बंद झालीय! मी परिपत्रकाची प्रिंट घेऊन गेले. साहेबांनी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, “हे आमच्याकडे अधिकृतरीत्या आलेलं नाही.” केंद्र सरकारचं जीएसटी परिपत्रक अधिकृतरीत्या येण्याची वाट बघण्यात एकवीस दिवस गेले. तेवढ्यात कोटेशनची नव्वद दिवसांची मुदत संपली. नवं कोटेशन चार हजारांनी जास्त. ‘दर का वाढला, खुलासा करावा.’

खुलासा कुणी करायचा? मी. रुपया-डॉलरचा भाव मी ठरवते ना हॉस्टेलच्या खोलीत बसून.

या सगळ्या काळातलं माझं एक आवडतं वाक्य आहे. लेखा विभागातल्या एका गृहस्थांना मी दोन दिव्यांचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, “दुसरा चालू आहे ना? मग त्याच्यावर भागवा की.” माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा मिथिलीन ब्लूवर काम करतो. निळा रंग, ६६४ नॅनोमीटर, म्हणजे दिसणारा प्रकाश, त्याला टंगस्टन पुरतो. त्याचं खरंच भागतंय. मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघते तशी शेजारणीच्या नळाला पाणी आलेलं बघणारी बाईसुद्धा बघत नसेल.

मार्चअखेर आली आणि उरलंसुरलं पण गेलं. प्रकल्पाचा पैसा ३१ मार्चला परत. एप्रिलमध्ये विचारलं तर उत्तर: मागच्या आर्थिक वर्षातली मंजुरी नव्या वर्षात चालत नाही, नव्याने टिपणी सादर करा. म्हणजे सापशिडीत नव्व्याण्णववरून थेट दोनवर. एकवर नाही, कारण आवक क्रमांक जुनाच चालेल म्हणाले. मेहरबानी.

तुम्ही म्हणाल, दुसरीकडे जाऊन मोज. मोजतेय की! चाळीस किलोमीटरवरच्या एका कॉलेजातल्या मॅडमनी माणुसकीखातर शनिवारी दोननंतर मशीन वापरायला दिलंय. त्यामुळे शुक्रवारी रात्रभर प्रयोग, पहाटेपर्यंत गाळण, मग प्रत्येक इवल्याशा नळीला ॲल्युमिनियम फॉइल, सगळ्या नळ्या बर्फासकट थर्माकोलच्या डब्यात आणि डबा घेऊन एसटी. एकदा कंडक्टरने डब्यावर बोट ठेवून विचारलं, “मासे?” मी म्हटलं, औषध. तो म्हणाला, “मग वर ठेवा, खाली पाय लागतील.” त्या दिवशी बस घाटात बंद पडली. बर्फ वितळला, नळ्यांवरची मार्करची शाई उतरली. तीस नळ्या आणि कुठली पंधरा मिनिटांची आणि कुठली नव्वदची हे कुणालाच माहीत नाही. एका शुक्रवारची रात्र आणि एक शनिवार सरळ गटारात ओतला. शब्दशः. तेच पॅरासिटामॉल, परत नदीत.

आता पैशाचं. माझी नोंदणी जानेवारी २०२३ ची. त्याच १ जानेवारीपासून जेआरएफ, म्हणजे पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप, महिना ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, एसआरएफ, म्हणजे त्यापुढची, ४२ हजार. ऐकायला बरं वाटतं. आत्यानेही ऐकलं आणि अख्ख्या गावाला सांगितलं. पण ती दर महिन्याला येते असं कुणी सांगितलं? दर महिन्याला पोर्टलवर विद्यापीठाने हजेरी पक्की करायची असते. एक ‘मेकर’ माहिती भरतो, दुसरा ‘चेकर’ तपासून पुढे सोडतो. आमचे चेकर निवृत्त झाले. नव्या चेकरचं लॉगिन यायला साडेतीन महिने लागले. साडेतीन महिने मेसवाल्या काकूंनी एका शब्दाने विचारलं नाही, फक्त वहीत लिहीत गेल्या. मला त्या वहीची जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्याच शेऱ्याची वाटली नाही. दोन वर्षांनी जेआरएफची एसआरएफ होते, पण त्याला समितीची बैठक लागते, समितीला बाहेरचे तज्ज्ञ लागतात, तज्ज्ञांना तारीख लागते. २०२५ च्या जानेवारीत व्हायला हवी होती. फरकाची रक्कम मिळेल म्हणतात. मिळेल.

आणि घड्याळ? ते कुणासाठी थांबत नाही. फेलोशिप पाच वर्षं. २०२२ च्या नोव्हेंबरातल्या नियमांप्रमाणे पीएचडीला सहा वर्षं, आम्हा बायकांना वर दोन वर्षांची सूट. (सूट म्हणे! बिनपगारी दोन वर्षं आणखी याच पायरीवर.) त्याच नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकली. आमच्या विभागात ही बातमी अजून ‘अधिकृतरीत्या आलेली नाही’. सहामाही प्रगती अहवालात रकाना आहेच: ‘प्रकाशित शोधनिबंध’. मागच्या वेळी मी तिथे ‘दिवा नाही’ असं लिहिलं होतं. सरांनी खोडायला लावलं.

सर वाईट नाहीत. हेच तर त्रासदायक आहे, धड चिडताही येत नाही. त्यांच्याकडे आठ विद्यार्थी, वर विभागातल्या रिकाम्या जागांचे तास आणि वर नॅक, म्हणजे विद्यापीठाला श्रेणी देणारी तपासणी. लॅबमधले मामा निवृत्त झाले ती जागा भरलीच नाही, त्यामुळे काचसामान धुण्यापासून गॅसचा सिलिंडर ढकलण्यापर्यंत सगळं आमच्यावर. नॅकच्या वर्षी मी सहा आठवडे संशोधन सोडून जिओटॅग केलेले फोटो काढत होते. रॅम्पचा फोटो, कचरापेटीचा फोटो, कचरापेटी आणि रॅम्प एकत्र फोटो. समिती यायच्या आदल्या दिवशी व्हरांड्यात कुंड्या आल्या (गेल्या पण लगेच), भिंतीला रंग लागला आणि माझ्या स्पेक्ट्रोवर जांभळ्या साटीनचं झाकण घालून त्यासमोर पुठ्ठ्याची पाटी ठेवली गेली: ‘कार्यरत’. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी झाकणाला हात लावला आणि विचारलं, “चालतंय ना?” मी सरांकडे बघितलं. सरांनी कुंडीकडे बघितलं. मी म्हटलं, “हो मॅम.”

ते ‘हो मॅम’ माझ्या घशात अजून अडकलंय. विज्ञानाचं प्रशिक्षण घ्यायला आले होते ना मी? आकडा जसा आला तसा लिहायचा, हे एमएस्सीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवतात. आणि चौथ्या वर्षी मी साटीनच्या झाकणाखाली खोटं बोलायला शिकले. टिपणी लिहायला शिकले, कुठल्या साहेबांना चहाआधी भेटायचं आणि कुणाला चहानंतर ते शिकले, जावक नोंदवहीतला आपला क्रमांक उलटा वाचायला शिकले. उद्या कुणी मुलाखतीत विचारलं की तुमचं कौशल्य काय, तर सांगेन, फाईलचा माग काढणे. फोटोकॅटॅलिसिस? तेही थोडंफार.

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा त्या वेळच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार आहेत. ओरड झाली, खुलासे झाले, लोक विसरले. मी नाही विसरले. तेव्हा नुसता राग आला होता, आता हसू येतं, आणि ते हसू रागाहून वाईट आहे. साहेब, दिवाच लावायचाय हो. एकच. बोटाएवढा. तुमच्याच विद्युत विभागात त्याचा होल्डर बसत नाही.

बाकी दिल्लीत ‘जय अनुसंधान’ चालूच असतं. तिथेच २०२४ च्या जुलैच्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरची कस्टम ड्युटी १० टक्क्यांवरून १५० टक्के केली होती, आठवतंय? दीडशे! शास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला, मग काही दिवसांत अटी घालून परत दहावर आणली. ते काही दिवस आमच्या पुरवठादाराने फोनच उचलला नाही. देशाच्या उत्पन्नातला संशोधनावरचा खर्च एक टक्कासुद्धा नाही, ०.६४ टक्के. त्या ०.६४ मधला माझ्या वाट्याचा कण आता कुठल्याशा टेबलावर पेपरवेटखाली आहे.

तर पावती. शेरा असा आहे: ‘नादुरुस्त वस्तू भांडारात जमा करून पोच जोडावी.’ दिव्याला मी वर्तमानपत्राचे चार थर दिलेत. काच आहे, फुटली तर ‘विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे’ होईल आणि ती वेगळी फाईल. मघाशी इथले शिपाई काका येऊन गेले. “काय आहे?” म्हणाले. दिवा म्हटलं. “मग इथे कशाला, विद्युत विभागात न्या ना.”

पाटीवर अडीच लिहिलंय. तीन वाजून दहा मिनिटं झालीत.