डीएनए सुधारतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

'औषधाने ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशीतला डीएनए बदलतो आणि पेशी सुधारते' हे माझ्या लेखातलं वाक्य चुकीचं आहे, आणि ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना त्यातून खोटी आशा लागते, असं तुम्ही लिहिलंत. पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. वाक्य आजच दुरुस्त केलं. आशेबद्दल मात्र थोडं बोलायचंय.

१९७१ साली शार्लट फ्रेंड या शास्त्रज्ञ बाईंनी उंदराच्या ल्युकेमिया पेशींना डीएमएसओ दिलं. हे साधं द्रावक, पण त्या पेशी चक्क हिमोग्लोबिन बनवायला लागल्या, म्हणजे पिकू (प्रौढ होऊ) लागल्या. माणसाच्या ल्युकेमियाच्या एचएल-६० नावाच्या पेशींवर असाच प्रयोग मी एमएस्सीला असताना केलाय. सव्वा टक्का डीएमएसओ, आणि रोज थोड्या पेशी काचपट्टीवर घेऊन जिम्सा हा रंग लावायचा. पहिल्या दिवशी जवळजवळ पेशीभर पसरलेलं गोल केंद्रक. सहाव्या दिवशी तेच आक्रसून, खाच पडून घेवड्याच्या बीसारखं दिसत होतं. मी सूक्ष्मदर्शकावरून उठेचना.

त्या आकारामुळेच 'बदलतो' हा शब्द हातून गेला. डीएनएत घडामोडी होतात हे खरं. धाग्यात तुटी पडतात (फ्रेंड यांच्याच गटाने उंदराच्या पेशींत १९७८ साली हे दाखवलं), गुंडाळी कुठे सैल होते, कुठे आवळते. पण डीएनएतली अक्षरं, म्हणजे त्यातला मजकूर, दुरुस्त होत नाहीत. एचएल-६० मध्ये मिक या, पेशीला वाढत ठेवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती असतात. पेशी पिकली तरी त्या तशाच राहतात, फक्त गप्प होतात.

आता आशा. ल्युकेमियाच्या एपीएल या प्रकारात १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने १९८८ साली, अट्रा (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) दिलेल्या २४ एपीएल पेशंटांची माहिती छापली. सगळ्यांचा आजार आटोक्यात आला होता. औषधाने पिकलेल्या पांढऱ्या पेशी तपासल्या, तर ती अदलाबदल त्यांच्यातही सापडते. म्हणजे बिघडलेली पेशीच पिकते, आणि पिकलेली पेशी काही दिवसांत आपोआप मरते. एकट्या अट्रावर आजार बहुधा उलटतो, म्हणून जोडीला आर्सेनिक किंवा केमो देतात.

ही आशा एपीएलपुरतीच आहे, आणि डीएमएसओ हे ल्युकेमियाचं औषध नाही, कुणी ते आणून पेशंटला पाजू नये. हे दोन्ही लेखात हवं होतं. आता घातलंय. आणखी एक ओळ घातलीय: एपीएलचा नुसता संशय आला तरी गुणसूत्रांच्या रिपोर्टसाठी न थांबता अट्राच्या गोळ्या सुरू करतात, कारण पहिल्या काही दिवसांतला रक्तस्रावच जीव घेऊ शकतो.