चूळ भरून मोजलेलं बीपी

गेल्या महिन्याभरात एकच फॉरवर्ड मला तीन ग्रुपवर आला. एकदा सोसायटीच्या, एकदा शाळेतल्या मित्रांच्या आणि तिसऱ्यांदा चक्क डॉक्टरांच्याच ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: "डॉक्टरांकडे बीपी नॉर्मल आलं की विषय संपला. घरी मशीन आणून मोजत बसणं म्हणजे आजार विकत घेणं. घरचं मशीन चुकीचंच दाखवतं. बीपी खरंच वाढलं तर डोकं दुखतं, गरगरतं, आपोआप कळतं. वय अधिक शंभर एवढं बीपी तर नैसर्गिकच आहे. बाकी सगळा मशीन कंपन्यांचा धंदा." शेवटी 'जनहितार्थ' आणि जोडलेले हात.

तालुक्याच्या गावी पंचवीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय, म्हणून गप्प बसवेना. यातलं एक वाक्य निम्मंअर्धं खरंही आहे, त्याकडे नंतर येतो.

"डॉक्टरांकडे नॉर्मल आलं की विषय संपला."

मुख्य गोम इथेच आहे. माझे एक पेशंट एसटीत ड्रायव्हर, वय सत्तेचाळीस. गाडी डेपोतून काढताना तंबाखूचा बार लावायचा, तो संपला की पुढच्या थांब्यावर दुसरा. पण दवाखान्यात येताना माझी बोलणी खायला नकोत म्हणून बाहेरच्या नळावर बार थुंकायचा, दोनदा खळखळून चूळ भरायची, रुमालाने तोंड पुसायचं आणि मग आत. गर्दी असली की पाऊण तास पंख्याखाली बाकावर बसणं आलंच. नंबर लागेपर्यंत गडी अगदी निवांत. बीपी 130/80. तीन वर्षं मी केसपेपरवर हाच आकडा लिहिला आणि "छान आहे" म्हणून घरी पाठवलं.

चौथ्या वर्षी दुसऱ्याच कारणासाठी ईसीजी काढला, तर हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याच्या खुणा. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतही तेच. नॉर्मल बीपीच्या माणसाचं हृदय असं उगाच जाड होत नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजायला लावलं, सरासरी आली 148/94. मग चोवीस तासांचं मशीन लावलं. दंडाला पट्टा, कमरेला डबी, दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो, रात्री जरा कमी वेळा. गाडी चालवताना ते नको, म्हणून डेपोत बसून काम होतं तो दिवस निवडला. दिवसाची सरासरी 152/97. झोपेत बीपी साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरायला हवं, याचं जेमतेम 138 पर्यंत आलं. बायकोला विचारलं तेव्हा कळलं, घोरणं इतकं की पोरं दुसऱ्या खोलीत झोपतात.

या प्रकाराला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे मुखवट्याआडचा उच्च रक्तदाब. न्यूयॉर्कमध्ये काम करणारे डॉ. थॉमस पिकरिंग यांनी 2002 मध्ये हे नाव रूढ केलं. दवाखान्यात 140/90 च्या खाली, पण घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त, अथवा चोवीस तासांची सरासरी 130/80 च्या वर, अशी त्याची साधारण व्याख्या. डॉक्टरला बघून बीपी चढतं तो व्हाइट कोटचा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. हा त्याच्या बरोबर उलट, आणि जास्त घातक, कारण हा माणूस हसत घरी जातो.

दवाखान्यात बीपी लपतं कसं? तंबाखू-सिगारेट थोडा वेळ बंद असते. डोक्यावर साहेब, टार्गेट, ट्रॅफिक काही नसतं. घोरताना श्वास अडकून रात्री चढणारं बीपी सकाळी अकराला दिसणार कुठून? आणि आधीपासून औषध चालू असलेल्यांची एक वेगळीच गंमत. "गोळी खाऊनच आलोय, डॉक्टर," असं अभिमानाने सांगतात. सकाळी आठला गोळी, अकराला तपासणी, म्हणजे गोळीचा अंमल जोरात असताना आपण मोजतो. तो ओसरल्यावर पहाटे काय होतं हे ना त्याला कळत, ना मला.

हे सगळं विरळा असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. इंडिया हार्ट स्टडी नावाच्या पाहणीत 15 राज्यांतल्या, बीपीचं औषध न घेणाऱ्या 18,918 लोकांचं दवाखान्यातलं आणि घरचं बीपी ताडून पाहिलं. 24 टक्के लोकांचं फक्त दवाखान्यात जास्त होतं आणि 18 टक्के लोकांचं फक्त घरी. म्हणजे शंभरातल्या बेचाळीस जणांचं निदान नुसत्या दवाखान्यातल्या आकड्यावर चुकलं असतं, कुणाला नको ती गोळी मिळाली असती आणि कुणाला हवी ती मिळाली नसती.

"बीपी वाढलं तर डोकं दुखतं, कळतंच."

नाही कळत. नॉर्वेतल्या एका मोठ्या पाहणीत तर वरचं बीपी जास्त असलेल्यांना डोकेदुखीचा त्रास उलट कमी आढळला होता. डोकं दुखतं म्हणून बीपी मोजायला येणाऱ्या बहुतेकांची कारणं वेगळी असतात: झोप, चष्मा, सर्दी, सून. (शेवटचं कारण मी ऐकलेलं सांगतोय, माझं मत नाही.) 180/120 च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, अंधारी, बोलणं अडखळणं असं काही असेल तर मात्र फॉरवर्ड वाचत न बसता थेट हॉस्पिटल गाठायचं.

"वय अधिक शंभर."

या हिशेबाने ऐंशीच्या आजोबांचं 180 नॉर्मल. हायव्हेट नावाच्या अभ्यासाने 2008 मध्येच याचा निकाल लावला. ऐंशीच्या पुढचे, वरचं बीपी 160 किंवा जास्त असलेले 3,845 लोक घेतले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती दिसायला सारखी गोळी. औषधवाल्यांमध्ये मृत्यू 21 टक्के कमी झाले आणि अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

"घरचं मशीन चुकीचं दाखवतं."

मशीनपेक्षा मोजणारा जास्त चुकतो. आमच्या सासूबाई पाहा. पायावर पाय टाकलेला, पट्टा स्वेटरच्या बाहीवर, एका कानाला फोन, हात मांडीवर लोंबता, आणि मशीन फुगत असताना भाजीवाल्याशी घासाघीस. यातली प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवते. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पावलं जमिनीवर, उघडा दंड टेबलावर टेकलेला आणि पट्टा हृदयाच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीच्या आणि नाश्त्याच्या आधी, पुन्हा संध्याकाळी, असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. मशीन दंडाचंच घ्यायचं, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागायचा. लहान पट्टा आकडा उगाच वाढवून दाखवतो. आणि एकदा मशीन दवाखान्यात आणून आमच्या मशीनशी ताडून बघायचं.

आता आमची बाजू. सोमवारच्या ओपीडीत पाच मिनिटं शांत बसवून कोण मोजतं? पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा गुंडाळला जातो आणि मी विचारत असतो, "खोकला किती दिवस?" कुठलेही जुने केसपेपर काढा: 120/80, 130/80, 140/90. साऱ्या तालुक्याच्या बीपीचा शेवटचा आकडा शून्यच असतो की काय? आमच्या ड्रायव्हरच्या तीन वर्षांच्या 130/80 कडे आता पाहिलं की माझी मलाच शंका येते. घरचं मशीन निदान 137 ला 137 म्हणतं.

"घरी मोजत बसणं म्हणजे आजार विकत घेणं."

हे ते निम्मं खरं वाक्य. एक निवृत्त शिक्षिका एकाच दिवसाचे चाळीस आकडे लिहून घेऊन आल्या होत्या. एक जास्त आला की धडधड, धडधडीने पुढचा जास्त. अशा माणसाच्या हाती मशीन देऊ नये, या मताचा मीही आहे. पण बाकीच्यांसाठी उपाय मशीन न आणणं हा नाही. सात दिवस मोजा आणि मशीन कपाटात ठेवा. मधला एखादा 150 म्हणजे आजार नव्हे, आजार सरासरीत असतो. आणि घरी जास्त निघालं म्हणून लगेच जन्मभराची गोळी, असंही नाही. मीठ, तंबाखू, दारू, वजन, घोरणं, आधी याची उलटतपासणी होते.

राहिला धंदा. मशीन विकणारा नफा कमावतो, मान्य. दीड-दोन हजारांची वस्तू आहे, चार घरांत मिळून एक पुरते. पण धंद्याच्या संशयाने स्पेनमधले आकडे बदलत नाहीत. तिथे 59,124 लोकांना चोवीस तासांचं मशीन लावून पुढे सुमारे दहा वर्षं पाठपुरावा केला, 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. कोण दगावेल याचा अंदाज दवाखान्यातल्या बीपीपेक्षा चोवीस तासांच्या, त्यातही रात्रीच्या बीपीवरून जास्त चांगला बांधता आला. मुखवटेवाल्यांचा धोका दोन्हीकडे जास्त असणाऱ्यांइतकाच निघाला. फक्त दवाखान्यात चढणाऱ्यांचा वाढलेला दिसला नाही.

सगळ्यांनीच उद्या मशीन आणावं असं मी म्हणत नाही. दवाखान्यातला वरचा आकडा 130 ते 139 मध्ये घुटमळत असेल, साखर किंवा किडनीचा त्रास असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, घोरणं असेल, तंबाखू असेल, तर एक आठवडा मोजा.

ड्रायव्हरसाहेबांची तंबाखू सुटलेली नाही, पण दिवसाच्या आठ-नऊ बारांवरून तीनवर आली आहे. एक गोळी चालू आहे, झोपेची तपासणी झाली. नळावर चूळ ते अजूनही भरतात. पण आता मागाहून खिशातून वही काढतात. नेमाचे आकडे निळ्या पेनाने, आणि मी कधी सांगितलंही नव्हतं तरी मधूनच लाल पेनाने काही जास्तीचे. ते बार तोंडात असताना मोजलेले. गेल्या खेपेला निळे 132, 129, 134 होते. लाल तीनच होते: 151, 149, 155.