आधी त्यांचं म्हणणं तरी ऐका

आज सकाळी जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक क्लिप आली. जपानमधला निवडणूक प्रचार, लांब केसांच्या एक बाई आणि शेजारी घोडा. खाली ओळ, ‘हा म्हणे टोकियो विद्यापीठाचा प्रोफेसर!’ आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. ग्रुपवर सगळे शिकवणारे लोक आहेत. माझं डोकंच सणकलं.

त्या अयुमी यासुतोमी. जन्म १९६३. क्योटो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकल्या, बँकेत नोकरी केली, ती सोडून संशोधनात आल्या. जपानने ईशान्य चीनमधल्या मांचुरियात उभं केलेलं मांचुकुओचं राज्य कोणाच्या पैशावर चालत होतं, यावर त्यांनी लिहिलेल्या ग्रंथाला तिथला मानाचा पुरस्कार आहे. २०११ला फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात झाला, तेव्हा आपल्याच टोकियो विद्यापीठातले तज्ज्ञ जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून कसे बोलतात, हे त्यांनी उघड लिहिलं. नोकरीत राहून! आपल्यापैकी किती जण करतील?

पन्नाशीच्या आसपास एकदा पुरुषांची पँट नीट बसेना म्हणून बायकांची घालून पाहिली आणि आयुष्यात कधी नव्हतं इतकं निवांत वाटलं, असं त्या सांगतात. पुरुष असल्याचं ढोंग बंद केलं, एवढंच.

मला माझी एक विद्यार्थिनी आठवते. तीही ट्रान्सजेंडर, कागदोपत्री मुलगा. संख्याशास्त्रात वर्गात पहिली. तासिका तत्त्वावरच्या जागेसाठी मुलाखतीला गेली, केस वाढवलेले, कानात छोटे डूल. पॅनेलने संख्याशास्त्राचा एकही प्रश्न विचारला नाही. ‘हे असंच राहणार का?’ एवढंच विचारलं. मी त्या कॉलेजात जाऊन भांडून आले. उपयोग शून्य.

तेच पॅनेल आज ग्रुपवर बसलंय असं वाटलं मला.

यासुतोमी २०१८ला हिगाशिमात्सुयामा शहराच्या महापौरपदासाठी उभ्या राहिल्या. हरल्या. २०१९ला रेइवा शिन्सेनगुमी या नव्या पक्षाकडून संसदेच्या वरच्या सभागृहासाठी उभ्या राहिल्या. तिथंही हरल्या. ठीक आहे, मतं फार नव्हती, आणि भर शहरात घोडा आणला की लोक घोडाच बघणार, हेही मान्य. पण त्या सांगत काय होत्या? राजकारणाचं पहिलं काम म्हणजे मुलांना जपणं. बाकी सगळं त्यानंतर. यात हसण्यासारखं काय आहे, मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि त्याच पक्षाचे त्या वेळी निवडून आलेले दोघे कोण होते? एएलएस, म्हणजे शरीराचे स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार, झालेले यासुहिको फुनागो आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या एइको किमुरा. त्यांच्या व्हीलचेअरसाठी संसदेला आपली व्यवस्था बदलावी लागली. लोकांना दिसत नाही असं नाही. बघायचं ठरवलं की दिसतं.

ट्रान्सजेंडर स्त्री असलेल्या आया कामिकावा यांनी २००३मध्ये टोकियोतल्या सेतागाया वॉर्डच्या निवडणुकीचा अर्ज भरताना लिंगाचा रकाना कोरा ठेवला आणि निवडून आल्या. पुढे पुन्हा पुन्हा आल्या. आपल्याकडेही माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ला ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं. गावकऱ्यांना जे जमलं, ते माझ्या पीएचडीवाल्या सहकाऱ्यांना जमू नये?

जपान म्हणजे स्वर्ग नाही. कागदावरचं लिंग बदलायचं तर शरीराची प्रजननक्षमता काढून टाका, ही अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती २०२३च्या ऑक्टोबरमध्ये. पंधराही न्यायाधीशांचं एकमत. तोवर जवळजवळ वीस वर्षं कायदा माणसांकडून हे मागत होता. लिहितानाही अंगावर काटा येतो.

एवढं टाइप केल्यावर राग जरा उतरलाय. ग्रुपवरची माणसं वाईट नाहीत, माझ्या अडीअडचणीला धावलेली आहेत. म्हणूनच जास्त लागलं. यासुतोमींच्या एखाद्या म्हणण्यावर कुणी तावातावाने वाद घातला असता, तर मी आनंदाने भांडले असते. मला स्वतःलाही त्यांचं सगळं पटत नाही. पण वाद घालायला आधी समोर माणूस दिसावा लागतो. माझ्या विद्यार्थिनीलाही कुणीतरी एक अवघड गणित घालायला हवं होतं. चुकली असती तर घरी आली असती, काही तक्रार नव्हती.

सध्या ती अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. मुलं खूश आहेत. जूनमध्ये तासिका तत्त्वाच्या जाहिराती पुन्हा निघतील, ती अर्ज करणार आहे. तुमच्यापैकी कुणी मुलाखत घेणाऱ्यांत असाल, तर तिला संख्याशास्त्रातलं रिग्रेशन विचारा.