फक्त बोधच का लिहायचा?
लेखात रोजच्या बायबल वाचनातून एक बोध वहीत लिहा असं म्हटलंय, ठीक आहे, पण सारखा बोधच शोधत बसलं की वहीचा शाळेतला निबंध होतो हो. न कळलेलं, न पटलेलं पण लिहा ना! स्तोत्रसंहितेतच, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातच बघा, १३ वं स्तोत्र 'कुठवर' असं विचारतच सुरू होतं आणि ८८ वं तर अंधारातच संपतं, तिथे कोणी गोड शेवट चिकटवलेला नाही. हबक्कूक संदेष्टा पण बायबलमधल्या त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देवाकडे तक्रार घेऊन येतो. मी आधी उताऱ्यात काय आहे ते साध्या शब्दांत उतरवते, मागचीपुढची वचनं वाचते आणि मग मला काय वाटलं ते, नाहीतर आपलंच म्हणणं देवाच्या तोंडी घालायला कितीसा वेळ लागतो. आणि तारीख टाकाच, तोच उतारा परत वाचताना कामी येते.