तो मामा होता गं!

काल मराठी मंडळाच्या ग्रुपवर समर कॅम्पवरून जे रामायण झालं, त्यात मी तोंड उघडलं नाही. गॅसवर भात होता आणि हा विषय दोन ओळींत मावणारा नाही. म्हणून इथे लिहितेय. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

लेक बारा वर्षांची. यंदा जुलैत इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात, तळ्याकाठच्या मुलींच्या स्लीपअवे कॅम्पला १४ दिवस राहून आली. एका बंकमध्ये, म्हणजे केबिनमध्ये, दहा मुली आणि दोन काउन्सेलर, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या ताया. फोनला मुळात परवानगीच नाही. ग्रुपवरचा मुख्य आक्षेप हाच, की पोर १४ दिवस बोलणार नाही म्हणजे काय! सासूबाईंनी मिरजेहून हेच विचारलं होतं. मी म्हटलं, "आई, तुम्ही यांना मे महिन्यात मामाकडे कोकणात पाठवायचात, तेव्हा काय होतं?" पंधरा पैशांचं पोस्टकार्ड यायचं, 'सुखरूप पोचलो, आंबे उतरवलेत', आणि ते हातात पडेपर्यंत आंबे संपलेले असायचे. त्या म्हणाल्या, "तो मामा होता गं."

बिनतोड. इथे मामा नाही. म्हणून मामाच्या जागी कोण आहे, हे आधी बघायचं.

२०२५ च्या ४ जुलैला पहाटे टेक्ससमध्ये ग्वादालुपे नदीला पूर आला आणि कॅम्प मिस्टिक या मुलींच्या कॅम्पमधल्या २७ जणी गेल्या, लहान मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या काउन्सेलर. १९२६ पासूनचा कॅम्प. आईने लेकीला आणि लेकीने नातीला पाठवावं, असा. धाकट्या मुलींच्या केबिन नदीच्या अंगाला होत्या. पुढे टेक्ससने पूरक्षेत्रात केबिन असलेल्या कॅम्पला परवाना द्यायचा नाही, असा कायदा केला. ती बातमी वाचल्यापासून मी कॅम्पवाल्यांना जेवणात काय असतं हे विचारणं सोडलं. केबिन पाण्यापासून किती उंचावर आहे? रात्री हवामानाचा इशारा आला तर जागं कोण असतं? रेंज नसेल तर तो इशारा पोचतो कसा? नर्स रात्री तिथेच राहते का? दोन ठिकाणी आढेवेढे घेतले, ती नावं खोडली. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी नकाशाच उघडून दाखवला. तिथे पैसे भरले.

माझं म्हणणं एवढंच आहे, की जे विचारायचं ते पैसे भरायच्या आधी, खोदून खोदून विचारा. नंतर गप्प बसा.

मला ते जमलं नाही.

कारण कॅम्पचं ॲप. रोज रात्री त्यावर शेकड्यांनी फोटो येतात आणि आईबाप त्यात आपलं पोर शोधत बसतात. साडेदहा वाजता आम्ही दोघं सोफ्यावर, फोटो मोठा करून, "ही आहे बघ." "छे, हिची वेणी कुठेय?" पाचव्या दिवशी एका फोटोत ती कडेला उभी, कपाळाला आठ्या, तोंड वाकडं. मी रात्री बारा वाजता ऑफिसला ईमेल पाठवला, मुलगी एकटी पडलीय का? (हो, मीच ती बाई.) परत आल्यावर तिला विचारलं तर म्हणे, "आई, डोळ्यांवर ऊन होतं." आणि वर, "फोटोवाली आली की सगळ्या हसायच्या. आया बघतायत, हसा, असं ती सांगायचीच."

हे मला लागलं. या कॅम्पांची मूळ कल्पनाच याच्या अगदी उलट होती. मेन राज्यात १९०२ मध्ये वायोनेगॉनिक हा मुलींचा कॅम्प निघाला, तो आजही चालू आहे. गर्ल स्काउट्स ही मुलींची संघटना १९१२ मध्ये जॉर्जियातल्या सव्हानाला १८ मुलींनिशी सुरू झाली. पायघोळ कपड्यांच्या त्या काळात मुलींनी वल्हं मारावं, तंबू ठोकावा, चिखलात लोळावं आणि बघायला घरचं कोणी नसावं, यातच सगळी मजा होती. आता रानात पाठवतो आणि मागून खिडकी उघडी ठेवतो.

बाकी कॅम्प जसा असतो तसा. गेल्या गेल्या बाकावर बसवून उवांची तपासणी. आदल्या रात्री मी चोपडलेल्या खोबरेल तेलामुळे तपासणाऱ्या बाईंचा कंगवा घसरत होता म्हणे. रात्री शेकोटीवर स्मोअर, म्हणजे भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेट दोन बिस्किटांत दाबायचं. मार्शमेलोत जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं, हे मिरजेला अजून कळवलेलं नाही.

पत्रं तीन आली. पत्र टाकल्याशिवाय रविवारचं जेवण मिळत नाही, त्यामुळे दोन सक्तीची. 'मला घरी न्या, इथली गादी ओली आहे' हे पत्र आलं त्याच रात्रीच्या फोटोत आमच्या लेकबाई तोंडाला निळा रंग फासून दोरी ओढत होत्या. पोस्टकार्ड आणि आंबे, तीच गत.

तिसरं तिने आपणहून लिहिलेलं. सगळं इंग्रजीत, वर 'आई' तेवढं देवनागरीत (शनिवारच्या मराठी शाळेची कमाई). तळं, बाण मारणं, कुणाचा तरी दात पडला, आणि मध्येच एक ओळ, की मंगळवारी पाळी आली, पहिलीच, काउन्सेलरला सांगितलं, सगळं ठीक आहे. पुढच्या ओळीत परत जेवणातला पास्ता.

मी ती ओळ गॅरेजमध्ये उभी राहून चारदा वाचली. मी नव्हते तिथे. माझ्या वेळी आजीने मला चार दिवस माजघराबाहेर बाजूला बसवलं होतं, वेगळं ताट, वेगळं पांघरूण. हीसुद्धा त्या दिवशी बाजूलाच बसली. सगळ्या तळ्यात आणि ही धक्क्यावर. पण बंकमधल्या तिघी पोहायचं सोडून तिच्याशेजारी येऊन बसल्या, पाय पाण्यात सोडून. एकीने तिला दोऱ्याचं ब्रेसलेट विणायला शिकवलं. ते अजून मनगटावर आहे, आंघोळीलाही काढत नाही.

ट्रंक उघडली तर ओल्या टॉवेलचा भपकारा. तळाशी मी दिलेलं निळं पाऊच, रिकामं. मी चांगले वीस पॅड भरले होते.

"एवढे लागले?"

"वाटले. दोघींच्या आयांनी काही दिलंच नव्हतं."

पुढच्या वर्षी चार आठवडे जायचं म्हणतेय. अट एकच घातलीय, मी ते ॲप फोनवरून काढून टाकायचं. बाबाने पण.