गाळाला विचारू नका

कारखाना काढलात, अभिनंदन! मुलामा चढवण्याचा असो, बॅटऱ्यांचा असो की कातडी कमावण्याचा. सांडपाण्यात क्रोमियम, निकेल, कॅडमियम, शिसं यांतलं काहीतरी येणारच. त्यापायी झोप उडवून घेऊ नका. चुना घालून धातू खाली बसवता येतात, हे खरं. पण मग तो साका टाकायचा कुठे? त्याला पैसे पडतात. नदी तेच काम फुकटात करते.

आधी पाणी वाढवायला शिका. मर्यादा बहुतेक वेळा लिटरमागे इतके मिलिग्रॅम अशी असते. तेव्हा एका टाकीत दहा टाक्या साधं पाणी ओता. दुधात पाणी घातलं तर भेसळ, सांडपाण्यात घातलं तर प्रक्रिया! धातू तेवढाच जाईल, कागद मात्र निर्मळ राहील.

तपासनीस आला तर त्याला पाण्याचाच नमुना घेऊ द्या. धातू पाण्यात फार काळ रेंगाळत नाहीत; ६३ मायक्रॉनहून बारीक अशा मातीच्या कणांना चिकटून तळ गाठतात. तो वाकून बाटली बुडवतो, उन्हात धरतो. आरपार दिसतं. चिठ्ठी डकवतो, सही करतो. एव्हाना त्याच्या बुटांना घोट्यापर्यंत काळा गाळ लागलेला असतो. लगबगीनं पाण्याचा मग पुढे करा. पुरावा तो स्वतःच धुऊन नदीत परत सोडतो.

कुणी गाळाचा विषय काढलाच तर म्हणा, 'बसलेत ते तळाशी, बसू द्या.' यात तथ्यही आहे. प्राणवायू नसलेल्या गाळात बरेच धातू सल्फाइडांशी, म्हणजे गंधकाच्या संयुगांशी, बांधले जाऊन गप्प राहतात. पुरानं गाळ ढवळला किंवा कुणी उपसला, की हवा लागते आणि सुटतात. पण पूर म्हणजे नैसर्गिक आपत्ती. तुमचा काय संबंध? गाळातल्या अळ्या, त्या खाणारे मासे, मासे खाणारे लोक, हाही ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न.

आदर्श हवाच असेल तर जपानमधलं मिनामाता आहे. कारखान्याचा पारा खाडीत जात होता. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५८ मध्ये सांडपाण्याचं तोंड वळवून नदीच्या मुखाशी नेलं, तर रुग्ण तिकडेही निघाले. मग १९५९ मध्ये शुद्धीकरण यंत्राचं थाटात उद्घाटन झालं आणि कंपनीच्या अध्यक्षांनी चारचौघांत पेलाभर 'शुद्ध' पाणी पिऊन दाखवलं. पाऱ्याचं सांडपाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं! पुढे खाडीतला गाळ उपसायला आणि गाडायला १९७७ ते १९९० अशी वर्षं लागली. पेला मात्र दोन घोटांत रिकामा झाला होता.

जपून राहायचं ते एकाच माणसापासून. तो लांब नळी घेऊन येतो, गाळात उभी खुपसतो आणि अख्खा दांडा बाहेर काढतो. सेंटिमीटर-सेंटिमीटरच्या चकत्या कापतो. गाळात शिसं-२१० हा शिशाचा किरणोत्सारी प्रकार असतो; दर सुमारे २२ वर्षांनी तो निम्मा होतो. किती उरलाय त्यावरून कुठला थर कोणत्या वर्षीचा, ते ठरवतो. तुमचा धंदा कोणत्या सुमारास फोफावला, हे त्याला तुमच्या हिशेबनिसाइतकंच कळतं, आणि त्याची वही तुम्हाला बदलता येत नाही.

त्याला गोड बोलून कारखान्याच्या वरच्या अंगाला न्या. तिथला गाळ स्वच्छ निघाला तर मात्र पंचाईत, कारण मग खालचा कुणाचा, हे सांगायलाच नको. म्हणून वेळीच वरच्या अंगालाही एक कारखाना काढून ठेवा. भावाच्या नावानं.