ब्रंचची सुशी आणि ‘उरलेल्या माशा’चा आक्षेप

नमस्कार,

वीकेंड ब्रंचवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. महागड्या सीफूड रेस्टॉरंटांचा ब्रंच म्हणजे आठवडाभरात उरलेला मासा खपवायची सोय. तिथली सुशी (भात आणि बहुधा कच्चा मासा) फ्रोझन माशाची, तेव्हा तिला ताजी म्हणणं ही वाचकांची दिशाभूल. आणि ज्याला खरी सुशी खायची आहे त्यानं रात्री सुशी शेफसमोरच्या काउंटरवर बसून खावी, दुपारी अंडी-पॅनकेकच्या शेजारी नव्हे. पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण तुम्ही बोट दाखवलंय त्या जागी नाही. उरलेले दोन मला पटत नाहीत.

आधी फ्रोझनबद्दल, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. कच्चा खायचा मासा गोठवणं यात कमीपणा काहीच नाही. समुद्रातल्या अनेक माशांत अनिसाकिस नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. वसाबीची तिखट चटणी किंवा व्हिनेगर लावल्यानं त्या मरतील याचा भरवसा नाही, पुरेशा थंडीत मात्र मरतात. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कच्च्या माशासाठी उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस, किंवा उणे 35 अंशांना कडक गोठवून त्याच तापमानाला 15 तास, असे निकष घालून दिलेत. युरोपीय संघाचा नियम उणे 20 अंशांना किमान 24 तासांचा आहे. अमेरिकेत ट्यूनाच्या मोठ्या जातींना यातून सूट आहे, तरीही दूरच्या समुद्रात पकडलेला ट्यूना जहाजावरच उणे 60 अंशांच्या आसपास गोठवतात. ते चवीसाठी आणि रंगासाठी. मासा झपाट्यानं गोठला की आत बर्फाचे कण बारीक राहतात, पेशी फाटत नाहीत आणि वितळताना पाणी सुटत नाही. घरच्या फ्रीझरमध्ये तोच तुकडा सावकाश गोठतो, कण मोठे होतात, मांस भुसभुशीत होतं आणि लाल ट्यूना तपकिरी पडत जातो. फ्रोझन माशाची बदनामी झाली ती या दुसऱ्या प्रकारामुळे.

‘ताजा’चंही तसंच. टोकियोचा तोयोसू हा मोठा घाऊक मासळीबाजार रविवारी बंद असतो. म्हणजे खुद्द टोकियोतही रविवारी पानात पडणारा मासा त्या दिवशीच्या बाजारातला नसतो, आणि त्यानं काही बिघडत नाही. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतल्या एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचं विघटन होऊन इनोसिनिक आम्ल तयार होतं, आणि माशाची उमामी, म्हणजे भरीव रुचकर, चव बरीचशी त्यातूनच येते. म्हणून पांढऱ्या मांसाचे काही मासे सुशी शेफ मुद्दाम एक-दोन दिवस थंड ठेवून मुरवतात. उलट बांगड्यासारखा तेलकट मासा त्याच दिवशीचा असला आणि काही तास उबेत राहिला, तर त्यात हिस्टामिन तयार होतं, जे शिजवूनही जात नाही. दिवस मोजून काही कळत नाही. मासा सतत किती थंड राहिला आणि कुणी कसा हाताळला, हे महत्त्वाचं.

आता तुमचा पहिला मुद्दा. ब्रंचमध्ये धोका आहे तो बुफेच्या टेबलावर. निगिरीत, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेल्या सुशीत, भात अंगाइतका कोमट आणि मासा गार असावा लागतो, आणि हे दोन्ही एकत्र काही मिनिटंच टिकतं. ट्रे बर्फावर ठेवला तर भात टणक होतो, बाहेर ठेवला तर मासा कोमट होतो. कसाही मांडला तरी तासाभरानं ती सुशी वाया गेलेलीच असते. म्हणून घेण्याआधी वाकून बघा. माशाच्या कडा सुकून वर वळल्यात का? रोलची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचं पातळ आवरण, कुरकुरीत आहे की ओलसर होऊन चिवट झालीय? कालवं मांडली असतील तर शिंपल्यात त्यांचं खारं पाणी अजून आहे का? आत्ता उघडलेलं कालव भरलेलं आणि चमकदार दिसतं, कोरडं आणि आक्रसलेलं बऱ्याच वेळापूर्वी उघडून ठेवलेलं असतं. असल्या टेबलावरून मी शिजवलेली कोळंबी घेईन, सुशी मात्र ऑर्डर देऊन समोर वळवून घेईन. तशी सोयच नसेल तर तिथे सुशी खाऊ नये, या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे.

उरलंसुरलं वापरण्याबद्दल मात्र थोडं थांबून विचार करा. ट्यूनाच्या काट्याला चिकटलेलं मांस खरवडून त्याचा रोल करणं ही फसवणूक नाही, ते मांस अतिशय चवदार असतं. शंका कधी घ्यावी? सगळा मेनूच तिखट मेयोनीज, गोड सॉस आणि तळलेल्या चुऱ्याखाली झाकलेला असेल आणि साधी साशिमी, म्हणजे भाताविना नुसते कच्च्या माशाचे काप, कुठेच नसेल, तेव्हा. साशिमीत काहीच लपवता येत नाही.

राहिला रात्रीच्या काउंटरचा प्रश्न. निगिरी जन्मली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत. हानाया योहेइ या विक्रेत्याला तिचं श्रेय दिलं जातं. तेव्हा ती ठेल्यावर उभ्याउभ्या खायची गोष्ट होती. तेव्हा दुपारी, मुलांना घेऊन, एकेक तुकडा चाखत सुशी खाणाऱ्यांना कमी लेखायचं कारण मला दिसत नाही. शेफच्या मर्जीवरचं लांबलचक रात्रीचं जेवण अनेकांना परवडत नाही, अनेकांना त्याचं दडपणही येतं. कच्चा मासा पहिल्यांदा चाखायला ब्रंच चांगला, आणि तिथे गर्दी असेल तर मासाही भराभर संपतो.

जाल तेव्हा ‘मासा ताजा आहे ना?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. ‘हा कधी वितळवलात?’ असं विचारा. ज्याला आपल्या स्वयंपाकघराची माहिती आहे तो सरळ सांगतो.

आणि तुम्ही लिहिलेला तो वाईट अनुभव नेमका कशाचा होता, बुफेतल्या ट्रेचा की मागवलेल्या प्लेटचा, हे जरूर कळवा. त्यावर पुढे बोलता येईल.